इंजिनाचा पोळा

आमच्या घरी एका पोळ्याला डिझेल इंजिनाला जेवायचं आवतन गेलं होतं, असं मी सांगितलं की नागपूरच्या माझ्या मैत्रिणी आधी हसतात आणि मग काळजीनं माझ्याकडे बघतात. वयामुळे हिचं काहीतरी सरकलं असावं, असं त्यांना वाटतं. पण माझी आठवण ठणठणीत आहे, आणि त्या दिवशी इंजिन ढकलणाऱ्या दोन माणसांपैकी एक मी होते. दुसरे माझे बाबा. मी नववीत होते, दोन वेण्या घालत होते, आणि गावात इंजिनाचं हँडल मारू शकणारी मी एकटीच मुलगी होते. या गोष्टीचा मला शाळेतल्या मार्कांपेक्षा जास्त गर्व होता. मार्क तसेही गर्व करण्यासारखे नव्हते.

आमचं गाव मोहाडीच्या अलीकडचं. गावाला लागून तलाव, तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, चिंचा आणि मोहाची झाडं, आणि पाळीखाली सगळ्यांची धानाची शेतं. पावसानं दगा दिला की रोवणं, म्हणजे लावलेलं धान, पिवळं पडायचं, म्हणून बाबांनी पाच हॉर्सचं इंजिन आणलं. चार लोखंडी चाकांच्या गाड्यावर ते बसवलेलं होतं, बाजूला डिझेलचं टाकं, आणि गाड्याला तारेनं बांधलेला जळक्या ऑइलचा पिपा कायमचा लटकलेला. सकाळी ते पाळीवर सुरू झालं की त्याचा ढुकढुक आवाज आमच्या स्वयंपाकघरात पोहोचायचा आणि माय त्या तालावर कणीक मळायची. आवाज थोडा जरी अडखळला तरी ती म्हणायची, "जाय व सुमे, तुह्या भावाले खोकला आला." इंजिनाला ती माझा भाऊ म्हणायची, आणि ते कौतुकानं म्हणत नसे. तिचा खरा राग वासावर होता. बाबांचा दुपट्टा, बाबांची खाट, गोठ्यात ठेवलेला डिझेलचा कॅन, सगळ्याला तोच वास. लाखोरीच्या डाळीला लसणाची फोडणी देऊन ताट वाढायच्या आधी ती बाबांचा हात ओढून नाकाशी न्यायची. वास आला की "जा, राखेनं घासून या" असा हुकूम सुटायचा. बाबा दोनदा घासून यायचे, तिसऱ्यांदा ती हार मानायची. माझेही हात तसेच असत, पण मी हुशारीनं आधीच चिंचेचा पाला चोळून येत असे.

त्या वर्षी आमचा गोठा पहिल्यांदा रिकामा होता. जोडीतला एक बैल उन्हाळ्यात म्हातारपणानं गेला, आणि मागे राहिलेला एकटा नुसता दाराकडे बघत उभा राही, म्हणून बाबांनी तो मामाकडे दिला. मामाकडेही एक बैल एकटाच होता. चिखलणी शेजाऱ्याच्या जोडीनं झाली. तोवर सगळं ठीक होतं, पण पोळा जवळ आला तशी माय गप्प होत गेली. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदशेकणी करतात. वर्षभर जू वाहिलेल्या बैलाच्या खांद्यावर पळसाच्या पानानं हळद आणि लोणी चोळायचं आणि त्याला म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या दिवशी पाहुणा आंघोळ करून, सजून, तोरणाखालून घरी येतो, त्याला पुरणपोळी चारतात, आणि तो जेवल्याशिवाय घरातलं कोणी जेवत नाही. रिकाम्या गोठ्यात कोणाला आवतन द्यायचं? माय वाटीत हळद कालवून तशीच उंबरठ्यावर बसून राहिली होती. बाबांनी ती वाटी उचलली, सरळ अंगणात उभ्या असलेल्या इंजिनाकडे गेले आणि पळसाच्या पानानं त्याच्या चाकाला हळद लावू लागले.

"हे काय करून राहिले तुमी?" मायनं विचारलं.

"आवतन देऊन राहिलो."

"इंजिनाले?"

"काहून? सालभर राबलं कोण? रोवण्याले पाणी देल्लं कोण?"

"अन् उद्या जेवाले काय वाढू त्याले? पोळी का डिझल?"

"दोनी वाढ," बाबा म्हणाले, आणि माय तोंडाला पदर लावून हसली. आठवडाभरानं हसली होती, म्हणून मला त्या क्षणी इंजिनाबद्दल खरोखरच भावासारखं वाटलं.

गंमत तिथंच संपली असती तर बरं झालं असतं. पण बाबांचा स्वभाव असा, की एकदा पाहुणा म्हटलं म्हणजे पाहुणचार पुरता व्हायला पाहिजे. पोळ्याच्या सकाळी त्यांनी इंजिनाचं टाकं काठोकाठ भरलं. रोज ते अर्धंच भरत. "पाहुण्याले अर्धपोटी ठेवाचं का?" म्हणाले. टाक्याच्या झाकणाचे आटे झिजलेले होते, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं, आणि कोणाच्याही डोक्यात आलं नाही. मग ते म्हणाले, चल, आंघोळ घालून आणू. गावातल्या सगळ्या जोड्या तलावावर निघाल्या होत्या, आमचाच पाहुणा मागे कसा राहणार? पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत, त्यामुळे गाडा ओढायला बैल मिळण्याचा प्रश्नच नव्हता. ते जू आमच्या दोघांच्या खांद्यावर आलं. मी मागून ढकलत होते, बाबा पुढून ओढत होते, आणि वाटेत भेटणारा प्रत्येक माणूस विचारत होता, "काय गा, याचे शिंग कुठं रंगवता?" बाबा सगळ्यांना हसून उत्तर देत होते. चाकाला त्यांनी घुंगरांची माळ बांधली होती.

पाळीवरून पाण्याकडे जाणारी उतरण बैलांच्या पायांनी लोण्यासारखी झाली होती. बाबांनी चाकाखाली दगड लावला आणि बादलीनं पाणी मारायला सुरुवात केली. मी चाक पुसत होते. दगड चिखलात रुतून हळूच बाजूला झाला आणि पाहुणा स्वतःहून आंघोळीला निघाला. बाबा "अरे थांब, थांब" म्हणत मागे धावले, जसं काही त्याला ऐकू येणार होतं. घुंगरं वाजवत गाडा उतरणीवरून गेला, पाण्यात शिरला, एका बाजूला कलला आणि आडवा झाला. काठावरची माणसं मोठ्यानं हसली. बाबाही हसले. मीसुद्धा. मग पाण्यावर रंग दिसायला लागले.

शिंगांना लावतात तो बेगड कोणीतरी पाण्यावर अंथरावा तसा तो पट्टा पसरत गेला, जांभळा, हिरवा, तांबूस, आणि त्याच्यामागून पिप्यातलं काळं ऑइल. दिसायला इतकं सुंदर की मी दोन क्षण बघतच राहिले. माणसांनी आपापले बैल भराभर मागे ओढले. आणि वारा वाहत होता नेमका पलीकडच्या काठाकडे, जिथं जनाआत्याचा शिंगाडा होता.

जनाआत्या आमच्या नात्यातली नव्हती. ती मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या मोहल्ल्यातली, बाबांची मानलेली बहीण. पंधरा दिवसांपूर्वी तिनं बाबांना राखी बांधली होती. तलावाचा तो कोपरा तिच्याकडे असे. पावसाळ्यात गळाभर पाण्यात उभं राहून ती शिंगाड्याची वेल लावी आणि दिवाळीच्या पुढे-मागे शिंगाडे काढी. तिचं सगळं वर्ष त्या हिरव्या पानांवर उभं असायचं, आणि ती पानं पाण्यावरच पसरलेली असतात. तेल तिथं सगळीकडे पोहोचलं असतं तर पानं जळली असती आणि तिच्या हाती काही आलं नसतं. ती त्या वेळी डोंग्यात, तिच्या लाकडी होडक्यात, उभी होती. तिनं आधी पाणी पाहिलं, मग बाबांना पाहिलं.

"भाऊ!" ती ओरडली. "काय केलं रे बापा तू हे!"

बाबा कपड्यांसकट पाण्यात उतरले आणि हातांनी तेल मागे लोटायला लागले. हातानं तेल कधी मागे जातं का? ते बाजूनं वळसा घालून पुढेच जात होतं. तेवढ्यात माय धावत आली. घरात कंदिलाचं घासलेट सांडलं की ती त्यावर तणसाची, म्हणजे धानाच्या पेंढ्याची, जुडी टाकायची, तेल तणसात जायचं आणि जुडी बाहेर. तिनं काही विचार केला नाही, जवळच्या खळ्यातल्या ढिगातून कवळभर तणस आणलं आणि पाण्यावर फेकलं. ते तरंगलं आणि काळं पडलं. "अजून आणा!" ती कोणावर ओरडली कोण जाणे, पण सगळा काठ हलला. बैलांचे कासरे झाडांना बांधून माणसं तणसाचे जाड दोर वळायला बसली. धानाच्या भागातली माणसं ती, तणसाचा दोर झोपेतही वळतील. जनाआत्यानं डोंगा आणला, दोराचं एक टोक मी धरलं, दुसरं तिनं नेलं, आणि तेलाच्या आणि शिंगाड्याच्या मध्ये तणसाची आडवी पाळ पडली. एक दोर भिजून जड झाला की तो ओढून काढायचा आणि नवा सोडायचा.

हल्ली टीव्हीवर कुठल्या तरी समुद्रात जहाजातलं तेल सांडल्याची बातमी येते. पंख चिकटलेले पक्षी दाखवतात, पांढऱ्या कपड्यांतली माणसं पाण्यावर लांबच लांब फुगीर नळ्या सोडताना दिसतात. मी खुर्चीतून ओरडते, "तणस टाका, तणस!" घरातले हसतात. मला मात्र त्या वेळी हसू येत नाही. एवढंसं टाकं आणि एक पिपा, तर आमच्या तलावाची ती गत झाली होती. जहाजाएवढं टाकं सांडल्यावर किती जनाआत्या कुठल्या कुठल्या काठांवर उभ्या असतील, असं मनात येतं आणि चहा गार होतो.

दुपार झाली तरी गावात एकाही घरी चूल थंड नव्हती आणि एकही माणूस जेवलं नव्हतं. बैलांना तेलकट पाण्यात घालणार कसं? आणि आंघोळ नाही तर तोरण नाही, नैवेद्य नाही, जेवण नाही. मग बाबा चावडीजवळच्या विहिरीवर जाऊन उभे राहिले आणि दोरानं पाणी शेंदायला लागले. एकेक जोडी येत गेली, बाबा बादली ओतत गेले. कोणी म्हणालं, "सोड आता, मी शेंदतो," तर त्यांनी दोर सोडला नाही. तळहात सोलून निघाले. पोळा फुटला तेव्हा सूर्य पार कलला होता. तोरणाखाली म्हणायच्या झडत्या आमच्याकडे चिमटे काढणाऱ्याच असतात, आणि त्या दिवशी कोणीतरी ताजी जोडून म्हटली:

"बैल धुतले विहिरीवर, इंजिन तलावात,
पाहुणा प्याला पोटभर, यजमान चिखलात!
हर बोला हर हर महादेव!"

सगळ्या गावानं "महादेव" म्हटलं, त्यात बाबांचा आवाज सगळ्यांत मोठा होता. गावानं त्यांना तिथंच माफ करून टाकलं. पण दर पोळ्याला आमच्याकडे पुरणपोळी खायला येणारी जनाआत्या त्या संध्याकाळी आली नाही. मायनं तिचं ताट झाकून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून बाबा पहाटे उठून तलावावर जायला लागले. इंजिन माणसांनी दोरांनी ओढून काढलं होतं, ते अंगणात गंजत उभं होतं, त्याच्याकडे ते बघतही नव्हते. जनाआत्या डोंगा घेऊन निघाली की बाबा एका टोकाला बसायचे, भिजलेलं तणस काढायचे, कोरडं टाकायचे, आणि वेलीच्या कडेच्या ज्या पानांना काळं लागलं होतं ती एकेक फडक्यानं पुसायचे. ती एक शब्द बोलायची नाही. ती "बस" म्हणत नव्हती आणि "उतर"ही म्हणत नव्हती. घरी येऊन बाबा मला सांगायचे, "आज सात-आठ पानं हिरवी दिसली, सुमे," आणि मग अंगणात जाऊन बसायचे. बाबांना असं गप्प मी कधी पाहिलं नव्हतं. मला घराचा तो शांतपणा सहन होत नसे. मी देवाला चक्क सांगितलं होतं की नववीत नापास कर, पण आत्याला बोलतं कर.

आतली वेल वाचली. कडेचा पट्टा मात्र बहुतेक गेला. भाऊबीज आली. दरवर्षी जनाआत्या आदल्या दिवशी निरोप पाठवायची, त्या वर्षी निरोप आला नाही. बाबांनी तरी धुतलेलं धोतर नेसलं, मला सोबत घेतलं आणि तिच्या दाराच्या पायरीवर जाऊन बसले. आत चुलीवर काहीतरी उकळत होतं. बऱ्याच वेळानं ती बाहेर आली ती टोपलीभर उकडलेले शिंगाडे घेऊन. काळे, वाफाळते. तिनं एक सोलून बाबांच्या हातावर ठेवला.

"खाय."

बाबांनी खाल्ला. चावले, गिळला.

"कसा लागते?"

"गोड आहे."

"लबाड कुठचा!" जनाआत्या म्हणाली. "मी सकाळीच खाऊन पायला. कडेच्या वेलीचा आहे तो. डिझलचाच वास येते." बाबांचा चेहरा असा झाला की मला रडू फुटणार होतं, पण त्याआधी तीच हसायला लागली, पोट धरून, पायरीवर बसून. हसता हसताच तिनं डोळे पुसले. मग पाट मांडला, ओवाळलं, आणि बाबा खिशात हात घालताहेत हे पाहून म्हणाली, "ते राहू दे. ओवाळणी मी मांगतो. तलावाच्या पाळीवर तुहं इंजिन परत नाई आलं पायजे."

"नाई येणार," बाबा म्हणाले.

आणि नाही आलं. इंजिन दुरुस्त झालं, पण ते लांबच्या शेतातल्या विहिरीवर गेलं. तलावाचं पाणी पाळीखालच्या शेतात घ्यायला बाबांना वर्षानुवर्षं दुसऱ्यांचं इंजिन मोकळं व्हायची वाट बघावी लागली, तरी त्यांनी शब्द मोडला नाही. मध्ये विजेची मोटर आली, ती वीज असेल तेव्हा चालायची, म्हणजे बहुतेक वेळा नाहीच. डिझेलवर ते इंजिन कितीतरी वर्षं चालवावं लागलं, आणि माय कितीतरी वर्षं हाताचा वास घेत राहिली.

आता बाबा ऐंशीच्या पुढे गेले आहेत. दोनेक वर्षांपूर्वी गावात सौर पंप यायला लागले, तेव्हा त्यांनी आधी कागदपत्रं केली नाहीत, आधी काठी टेकत जनाआत्याकडे गेले. मी त्या वेळी गावी होते, मागोमाग गेले. तीही आता वाकली आहे, शिंगाडा तिची सून बघते, पण तलावावरची मालकी तिची तीच.

"पाळीवर पंप बसवाचा म्हणतो," बाबा म्हणाले. "उन्हावर चालते."

"तेल पेत नाई?"

"थेंबभर नाई."

"अन् सांडलं तं?"

"ऊन सांडलं तं पुसा नाई लागत, जना."

ती म्हणाली, "मंग आण." इतक्या वर्षांनी बाबांचा पंप पाळीवर परत आला. जुनं इंजिन भंगारवाला घेऊन गेला तेव्हा मायनं निरोपाचं कुंकू त्याला लावलं, आणि हे मात्र तिनं कौतुकानंच केलं.

गेल्या पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बाबा हळदीची वाटी घेऊन पाळीवर निघाले. मी आणि माय मागे. सौर पाट्यांच्या लोखंडी खांबाला त्यांनी पळसाच्या पानानं हळद लावली, थोडी खाली सांडली. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

"अन् जेवाले काय वाढू याले?" माय म्हणाली. तिला विसर पडलेला नव्हता.

"याचं जेवण वरतून येते."

पलीकडून जनाआत्याचा आवाज आला, "भाऊ, आंघोळीले तलावात नेशीन तं पाय!"

दुसऱ्या दिवशी सकाळपासून आभाळ भरून आलेलं. पंप हूं की चूं करेना. वडे तळून झाले, कढी झाली, पुरणपोळ्यांची चळत झाली, आणि बाबा पाळीवर खुर्ची टाकून बसलेले. पाहुणा जेवल्याशिवाय ते जेवणार नव्हते. मी म्हटलं, बाबा, गोळ्या घ्यायच्या आहेत. माय म्हणाली, म्हाताऱ्याले याड लागलं. मग जनाआत्या पुरणपोळीसाठी आली, काय चाललं आहे ते विचारलं आणि बाबांच्या शेजारी बसली. शेवटी मायही ताटं घेऊन तिथंच आली. तीन म्हातारी माणसं उपाशीपोटी आभाळाकडे बघत बसली आणि मी त्यांच्याकडे बघत राहिले. मला इतकं सुख झालं होतं की भूक कळत नव्हती.

ऊन पडलं ते दुपार कलायच्या बेताला. पाट्या चमकल्या, पंपानं बारीक गुरगुर केली आणि नळातून पांढरं पाणी धारेनं धानात पडलं. तलाव स्वच्छ होता. पलीकडे शिंगाड्याची पानं हिरवीगार पसरली होती.

"जेवला तुहा पाहुणा," जनाआत्या म्हणाली. "आता आमाले वाढा व कोणी."

मायनं ताट पुढे केलं आणि वाढता वाढता थांबली. सवयीनं तिनं बाबांचा हात ओढून नाकाशी नेला.

"निस्ती हळद आहे," ती म्हणाली, आणि पोळीवर तूप वाढलं.